आबांना वर काढायचं होतं

माझे वडील बहात्तराव्या वर्षीही विहिरीच्या तळापर्यंत बुडी मारतात, असं सांगितलं की लोक कौतुकानं टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवायला काय जातंय? बाप माझा.

कुंडलला आमच्या भावकीत आणि आजूबाजूच्या चार गावांत पंपानं पाणी उचलायचं बंद केलं की फोन मेकॅनिकला नाही, आबांना यायचा. पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाला, पार तळाशी, एक झडप असते. तिला फुटवाल म्हणतात. तिच्यात पाला, गाळ, कधी खताची फाटकी पिशवी अडकते. मग मोटार नुसती घुमत राहते आणि ऊस वाळायला लागतो. खरं तर पाइप वर ओढून झडप साफ करता येते, पण त्याला चार माणसं आणि अर्धा दिवस लागतो. आबांना दोन बुड्या लागत. कानात गोडेतेलाचा बोळा घालायचा, हातात एक धोंडा धरायचा आणि त्याच्या वजनानं सरळ खाली जायचं. दोरी बांधा म्हटलं तर म्हणायचे, दोरी जनावराला असते. या कामाबद्दल ते फक्त एक कप चहा घ्यायचे, तोही साखर जास्त घालून.

गेल्या थंडीत आईचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती. माझी आई हळू बोलायला लागली की समजायचं, आबा शेजारच्या खोलीत आहेत. त्या दिवशी ते बुडी मारून फार उशिरा वर आले होते. नाकातून रक्त येत होतं आणि हा माणूस काठावर बसून हसत होता.

मी फलटणला असते, तिथल्या शाळेत गणित शिकवते. पहिल्याच रविवारी कुंडल गाठलं आणि चपला काढायच्या आत तोंड सोडलं. माझं तोंड सुटलं की आवरत नाही. माझा वर्ग सांगेल, नवराही सांगेल, तो सैन्यात असून सांगेल. आबांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तुला बोलायचा हक्क न्हाई. तुझी शेवटची परीक्षा ऱ्हायलीया."

ही परीक्षा काय ते सांगते. आमचं निम्मं गाव आबांच्या हाताखाली पोहायला शिकलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, विहिरीत ढकलायचं आणि महिनाभरात डबा सोडायचा. मग अंगाचं गाठोडं करून मारायचा मुटका, मग सूर, मग तळाची माती मुठीत घेऊन यायची. सगळ्यात शेवटी आबा स्वतः अंग सोडून पाण्यात बुडायचे आणि पोरानं त्यांना पायरीपर्यंत ओढून आणायचं. ज्याला दुसऱ्याला काढता येत नाही त्यानं पाण्यात पाय घालू नये, हा त्यांचा नियम. माझ्या दोन्ही भावांनी ही परीक्षा दिली. मी तळाच्या मातीपर्यंत पोचले होते, श्वास धरण्यात तर दोघांनाही हरवायची. पण तेरावं वर्ष लागलं आणि घरातल्या बायकांनी ठरवलं की आता पोरीनं विहिरीवर जायचं नाही. आबा तेव्हा गप्प बसले. त्याचा राग मला अजून आहे, सांगूनच टाकते.

तर ती परीक्षा आता देते म्हटलं. मी तुम्हाला काढलं तर तुमची बुडी बंद.

"काढलंस तर माझी बुडी बंद," आबा म्हणाले. "न्हाई काढलंस तर तुझं त्वांड बंद."

आई मधे पडली, पण तिचं कोण ऐकतंय? दोघंही एकाच मातीचे.

फलटणला परत येताना गाडीत डोकं ठिकाणावर आलं. वय एकेचाळीस. श्वास धरून बसायचे दिवस गेले. त्यात आबा काही सरळपणे बुडणार नव्हते, हे मला बापाच्या स्वभावावरून ठाऊक होतं. पण माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या आम्ही बायका मालवणला सहलीला गेलो होतो. बाकीच्यांनी पाठीला टाकी लावून फोटोपुरती बुडी मारली. मी मात्र रजा वाढवून तिथंच राहिले आणि स्कुबाचा पहिला कोर्स करून आले. तो शिकवणाऱ्या सरांना फोन लावला आणि म्हटलं, मला बुडालेला माणूस वर आणायला शिकवा. ते म्हणाले, त्याचा वेगळा कोर्स आहे, रेस्क्यूचा, पण त्याच्याआधी अॅडव्हान्स्ड करावा लागतो. एका रविवारी दोन्ही होतील का, असं मी विचारलं. मॅडम, हे पाढे नाहीत, असं उत्तर आलं.

सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. माझं सासर मूळचं म्हसवडच्या बाजूचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं. तिकडची माणसं पाणी सांडलेलं बघितलं तरी हळहळतात. सासूबाई म्हणाल्या, "पानी प्यायला मिळंना म्हनून आमी मेंढरं घिऊन मुलूख पालथा घातला, आन तू पान्याखाली शाळा शिकायला निगालीस व्हय?" पण बरोबर भाकऱ्या आणि ठेचा त्यांनीच बांधून दिला, आणि व्याह्यांना वर काढल्याशिवाय घरी येऊ नको म्हणून बजावलं.

अॅडव्हान्स्डमधे माझी चांगलीच जिरली. पहिल्या कोर्सातच मी सरांना छळलं होतं, कारण टाकी लावल्यावर पहिला नियम असा की श्वास कधीही धरायचा नाही. खोलातून श्वास धरून वर आलं तर फुप्फुसं फाटतात. आणि मी तर लहानपणापासून श्वास धरून शाबासकी मिळवलेली. पाण्यात शिरलं की माझं तोंड आपोआप मिटायचं आणि सर समोरून बोटानं खुणा करायचे, घ्या, सोडा, घ्या, सोडा. या वेळी होकायंत्र हातात आलं. सरळ रेषेत जायचं, वळायचं आणि निघाल्या जागी परत यायचं. मी भलत्याच बोटीपाशी वर आले. त्या बोटीतल्या पर्यटकांनी माझे फोटो काढले. विहिरीत कुठूनही निघा, भिंतच लागते, सरळ रेषेशी माझा संबंध कधी आला होता?

शोधायचा धडा आला तेव्हा मात्र मी भाव खाल्ला. सरांनी गढूळ पाण्यात वजनाचा पट्टा टाकला होता आणि तो शोधून आणायचा होता. आबांनी शिकवलं होतं, डोळ्यावर जाऊ नको, हात पसरून कडेनं आत आत गोल फिरत ये. दहा मिनिटांत पट्टा सरांच्या पायाशी आणून ठेवला. हे कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं. आमच्यात बायकांच्या कानातलं विहिरीत पडलं की असंच शोधतात म्हटलं.

खोल बुडीच्या दिवशी बोट फार आत नेली होती. जवळजवळ तीस मीटर खाली गेल्यावर काहींना दारू प्यायल्यासारखं होतं, ते तपासायला सर तिथं छोटं गणित घालतात. मी गणिताची बाई असल्यामुळे त्यांनी पाटीवर तेराचा पाढा लिहायला सांगितला. मी तेरा सत्ते सत्त्याण्णव लिहिलं. वर दोन रेघा ओढून सही केली आणि इतकी हसत सुटले की तोंडातली नळी धरून ठेवायची पाळी आली. वर आल्यावर पाटी बघितली आणि शरम वाटली. सरांनी तिचा फोटो काढून ठेवलाय, नालायक माणूस.

इकडे आबांचं चालूच होतं. मधल्या दोन महिन्यांत ते तीनदा विहिरीत उतरले. प्रत्येक वेळी आईचा तो हळू आवाजातला फोन यायचा आणि दिवसभर माझं वर्गात लक्ष लागायचं नाही. पोरांना वाटायचं, बाई आज शांत आहेत, मजा आहे.

रेस्क्यूच्या कोर्सला गेले ती याच घाईत. पहिल्या दिवशी सरांनी बुडणाऱ्याचं सोंग घेतलं. बोटीपासून पंधरा-वीस हातांवर ते हात आपटत ओरडायला लागले. मी पाहिलं न पाहिलं आणि बोटीवरून मुटका मारला. पायात फिन्स नाहीत, मास्क नाही. झपाझप हात मारत त्यांच्यापाशी पोचले, मागून त्यांचा अंबाडा धरला, सरांनी केस वाढवलेत, आणि आधी एक चांगली गुटकी दिली. घाबरलेल्या माणसाला आधी पाण्यात एक दाब द्यायचा, मग तो मिठी मारत नाही, असं आमच्याकडे शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं. सरांना ते माहीत नव्हतं. वर आल्यावर ते खरोखरच हात आपटायला लागले, म्हणून मी दुसरी गुटकी दिली.

बोटीवर त्यांना खोकताना बघून माझा चेहरा पडला. चिडतील असं वाटलं होतं, पण ते कोकणातले, चिडायलाही त्यांना वेळ लागतो. नाक पुसत म्हणाले, "मॅडम, बुडणाऱ्याला तुमच्यापासून कोण वाचवणार?"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. आधी थांबायचं. बघायचं, विचार करायचा. लांबून बोलायचं, तरंगतं काहीतरी फेकायचं, आणि यातलं काहीच चाललं नाही तर मग पाण्यात उतरायचं, तेही स्वतःची सोय बघून. थांबायचं! माझ्यासारखीला! आमच्या गावात कुणी बुडत असताना जो काठावर उभा राहील त्याला जन्मभर भित्रा म्हणतात. मी सरांशी तासभर वाद घातला. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात काढायला गेलेला कधी बुडाला नाही का? बुडालाय. आमच्याच भावकीतला, मी सातवीत होते तेव्हा, भावाच्या मागून उडी टाकलेला. दोघांना एकाच दिवशी नेलं होतं. वाद तिथंच थांबला.

पहिल्या फेरीत मी नापास. नापास शब्द त्यांनी वापरला नाही, पुन्हा करू या म्हणाले, पण मी मास्तरीण आहे, मला कळतं. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले, तिसऱ्या रविवारी पुन्हा. थांबायला शिकणं हेच मला सगळ्यात जड गेलं. बाकीचं जमलं. तळाशी निपचित पडलेल्या माणसाला मागून धरून सावकाश वर आणायचं, तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, हाक मारायची, उत्तर नाही आलं तर नाक दाबून तोंडानं श्वास द्यायचा, आणि श्वास देत देतच त्याला काठाकडे न्यायचं. शेवटच्या दिवशी हे सगळं पार पडलं आणि सरांनी हात मिळवला. मी बोटीवर बसून सासूबाईंच्या दशम्या सगळ्यांना वाटल्या. त्या मेल्या दशम्या खाताना मला रडू यायला लागलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत, एका सकाळी, आम्ही विहिरीवर जमलो. आबा, आई, शेत बघणारा माझा चुलतभाऊ आणि मी. आबांची अट होती की टाकी लावायची नाही, मास्क चालेल. माझी अट होती की मी सांगेन तशी तयारी करायची. स्टार्टरचा फ्यूज काढून आईच्या हातात दिला. तिच्या दुसऱ्या हातात फोन. ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब काठावर ठेवली. एक दोरी माझ्या कमरेला बांधली आणि तिचं टोक चुलतभावाकडे दिलं. आबा लंगोट लावून पायरीवर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, विहिरीत कुणाचं लगीन हाय का?

उन्हाळ्यातही आमच्या विहिरीला चार परस पाणी असतं, म्हणजे पंचवीस फूट तरी. आबा मधोमध गेले आणि नाटक सुरू केलं. काय ते हातपाय आपटणं, काय ते देवांना हाका मारणं! चुलतभाऊ म्हणाला, ताई, टाक की उडी. मी उभी राहिले. पाय शिवशिवत होते, पण उभी राहिले. आबांशी बोलले, ट्यूब फेकली, ती बरोबर त्यांच्या हातापाशी पडली. त्यांनी ती लाथेनं लांब ढकलली. बुडणारा माणूस असं करत नाही म्हणून मी वरून भांडले. येडा मानूस बुडतोय असं समज, असं खालून उत्तर आलं. मग ते पाण्याखाली गेले.

मी आकडे मोजायला लागले. आबा अजूनही मिनिटभर सहज राहायचे. वीसपर्यंत पोचले तेव्हा सरांचं एक वाक्य आठवलं, की खाली गेलेला माणूस सोंग करतोय की नाही, हे काठावर बसून ठरवायचं नाही. मास्क लावला आणि पायरीवरून पाण्यात शिरले. मुटका मारला नाही.

पाणी हिरवं गढूळ होतं, हातभरापलीकडे काही दिसत नव्हतं. हात पसरून खाली गेले. दीड परसावर आबा हाताला लागले. एक पाय पोटाशी घेतलेला, हात सुटलेले. मागून काखेत हात घातले आणि पाय मारत वर आले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. माझे आबा एवढेसे झालेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी हाक मारली. उत्तर नाही. आबा, नाटक बास झालं, म्हटलं. तरी नाही. मग मी विचार केलाच नाही, शिकवलं होतं ते हात आपोआप करत गेले. नाक दाबलं, श्वास दिला, पायरीकडे दोन हात पाणी कापलं, पुन्हा श्वास दिला. तेवढ्यात ते खोकले. चुलतभावानं दोरी ओढली, दोघांना पायरीवर घेतलं. आबांनी कुशीवर होऊन भरपूर पाणी ओकलं. मग उठून बसले, आईच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "पास."

आईनं वयाची लाज धरा म्हणून त्यांना जे सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. चुलतभाऊ म्हणाला, काय नाटक केलं काकांनी, जत्रंतल्या तमाशात शोभलं असतं. मला तर संताप आला होता. एवढं लांबवायचं? पण पोटात पाणी गेलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचंच, सोंग असो नाहीतर काही असो, हेही मी शिकले होते. पलूसला नेऊन छाती तपासून घेतली. आबा डॉक्टरांनाही पोरीच्या परीक्षेची गोष्ट रंगवून सांगत होते. डॉक्टर हसले, छाती चांगली आहे म्हणाले आणि दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं.

दुपारी जेवणं झाली आणि आबांचा फोन वाजला. शेजारच्या गावचा बागायतदार, त्याचा फुटवाल तुंबला होता. मी हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिले. बाप शब्द फिरवणार असं मला वाटत होतं, आणि फिरवला की काय बोलायचं तेही तयार होतं.

आबा म्हणाले, "न्हाई बा. मी उतरायचं बंद केलं. चार मानसं लावा आन पाइप वर वढून घ्या. मी काठावर बसून सांगतो कसं वढायचं ते."

माझा आनंद पोटात मावेना. आई चहा ठेवायला आत गेली तशी मी आबांना चिडवायला लागले, की एवढ्या लवकर हार मानलीत, निदान एखादी पळवाट तरी काढायची होतीत. आबा सोप्यात पाय पसरून बसले होते आणि उजवी पोटरी दाबत होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं.

"पयलं नाटक व्हतं, पोरी," ते हळूच म्हणाले. "मंग पायात गोळा आला. फुडचं नाटक न्हवतं."

माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं आमच्या घरात कुणी पाहिलं नसेल. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि गोळा आलेली जागा चोळत बसले, आणि डोळे वाहायला लागले ते थांबेनात.

आई चहा घेऊन आली. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, आता रडायला काय झालं?

"काही नाही," मी म्हटलं. "पास झाले ना, म्हणून."